एकला टिपका

अब्बासचाचांना "आज तारीख काय?" असं विचारायची सोय नव्हती. समोर भिंतीवर कॅलेंडर असायचं, खिशात फोन असायचा, तरी ते आधी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत, टेबलाच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडत आणि त्यातून खजुराच्या बिया, आइस्क्रीमच्या काड्या आणि शिंपले काढून एकाखाली एक मांडत. बी म्हणजे एक, काडी म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. मग वरून खाली बोट फिरवत सांगत, "एक कातुन, एकोनीस तुन, आठ विनाल, तीन दिवस. लिव."

मला डिलिव्हरी नोटवर साधी तारीख टाकायची असायची. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत असायचा. मी वैतागून म्हणायची, "चाचा, इंग्रजी सांगा हो." त्यावर ते इतक्या कनवाळू नजरेनं माझ्याकडे बघत की जणू मला लिहिता-वाचता येत नाही.

ही मोजणी माया लोकांची. समुद्रापलीकडच्या मध्य अमेरिकेतल्या जंगलांत ज्यांनी दगडी शहरं उभारली, त्यांची. वीस दिवसांचा एक विनाल, अठरा विनालांचा एक तुन, वीस तुनांचा एक कातुन. चाचांनी ती मोजणी उचलली आणि तिचा पहिला दिवस मात्र स्वतःचा ठेवला. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून निघून वयाच्या विसाव्या वर्षी ते आखातात उतरले, तो दिवस. पहिल्या पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून त्यांनी तो पक्का केला होता.

"आणि रजेवर घरी जाता ते दिवस? ते वजा नको करायला?" मी एकदा विचारलं.

"ते कशाला? रजेवर मानूस पावना म्हनून जातो," चाचा म्हणाले.

आमचा कारखाना अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात. सिमेंटमध्ये काचेचे धागे मिसळून इमारतींची नक्षी बनवायची हे आमचं काम: मशिदींच्या कमानी, व्हिलांचे खांब, मॉलच्या भिंतींवरची वेलबुट्टी. मी ड्रॉइंग ऑफिसात, राहायला शारजात. सकाळी सगळं शारजा दुबईच्या दिशेनं तोंड करून जाममध्ये अडकलेलं असायचं आणि मी एकटी उलटीकडे गाडी हाकत जायची. लोकांना माझा हेवा वाटे. मला मात्र त्या रिकाम्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या वाळूकडे बघताना, माझ्या साताऱ्याची फार आठवण यायची.

अब्बासचाचा मुख्य कोरक्या. प्लास्टरमध्ये मूळ नमुना कोरायचा, त्यावर रबराचा साचा घ्यायचा आणि साच्यातून पॅनेलं ओतायची. बुटके, रुंद खांद्यांचे, भुवयांवर कायम पांढरी पूड. हात इतके सावकाश चालायचे की नवा माणूस त्यांना आळशी समजे. मी कामाला लागले त्या आठवड्यात ड्रॉइंग ऑफिसच्या मागच्या पायरीवर एकटीच डबा खात बसले होते. ऑफिसातले सगळे मल्याळी नाहीतर अरब, त्यांच्या गप्पांत मला शिरता येईना. चाचा आपलं स्टूल घेऊन आले, न विचारता शेजारी बसले, डब्यातलं तळलेलं पापलेट माझ्या झाकणात ठेवलं आणि जेवायला लागले. मी शाकाहारी आहे हे त्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी आंब्याचं लोणचं यायला लागलं. अजमानला गावच्याच तिघांबरोबर ते एका खोलीत राहत आणि लोणच्याच्या बाबतीत त्या खोलीची श्रीमंती काही औरच होती.

मायांचं प्रकरण आमच्याकडे आलं ते एका हॉटेलामुळे. समुद्रकाठी एक मोठं रिसॉर्ट होत होतं आणि मालकाला प्रवेशद्वार 'मायन स्टाइल' हवं होतं. डिझायनरनं छत्तीस चौकोनी चित्रं पाठवली, दाराच्या दोन्ही अंगांना लावायची. फुगीर गालांचे चेहरे, जबडे, मुठी, माशांचे कल्ले, मधूनच ठिपके आणि आडव्या-उभ्या रेघा. फाइलवर फक्त 'पॅटर्न' एवढंच नाव होतं. मी प्रिंट काढून दिल्या. चाचांनी चार चौकोन कोरले आणि पाचव्याला पटाशी खाली ठेवून माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, हे काय लिवलंय?"

"लिहिलं नाहीये चाचा. नक्षी आहे."

"नक्षी मी चाळीस वरसं करतंय. नक्षी परत परत तीच येते. हे बोलल्यासारखं हाय. मधेच एक चेहरा परत येतो, पन दुसऱ्याच मानसाच्या बाजूला."

मी थोडं शोधलं आणि वरमले. ती खरंच लिपी होती. चित्रासारखी दिसणारी, पण बोललेलं लिहिणारी. परक्यांनी येऊन त्यांच्या पोथ्या जाळल्या, बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, मग वाचणारेही गेले. शेकडो वर्षं ते दगड जंगलात मुके उभे होते आणि ती लिपी अलीकडेच पुन्हा वाचता यायला लागली. हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत मराठीत सांगितलं. 

"मी आयुष्यभर मशिदींवर कुरानातल्या आयती कोरल्या," चाचा म्हणाले. "वाचता येतात, पन माना, म्हंजे अर्थ, कोनीतरी सांगावा लागतो. हे आता उलटं झालं. माना कळेल, वाचता येनार नाय."

त्या दिवसापासून ते मागेच लागले. मी ऑफिसच्या प्रिंटरवर पानंच्या पानं काढून द्यायची आणि ते प्लास्टरच्या पिशव्यांवर ती पसरून बसायचे. आकडे त्यांना सगळ्यात आधी जमले. वीसवीसनं मोजायचं म्हटल्यावर मी नीट समजावून सांगायच्या तयारीत होते, तर ते हसायलाच लागले. "आमची आई नारळ असेच मोजायची. एक विसा, दोन विसा, तीन विसा न् पाच. हे लोक आमच्याच गावचे दिसतात." अठरा विनालांचा तुन मात्र त्यांना रुचला नाही. सगळीकडे वीस आणि मधेच अठरा का? तीनशे साठ दिवस झाले की वर्षाच्या जवळ जातं म्हणून, असं मी सांगितलं. "म्हंजे त्यांनापन जुळवून घ्यावं लागलं," असं म्हणून त्यांनी मायांना माफ केलं.

मग अक्षरं. तोंड वर केलेला बेडूक म्हणजे जन्म. ते कळल्यावर दिवसभर ते बेडकासारखं तोंड वर करून दाखवत होते. "बरोबर हाय, पोर जन्मलं की असंच टाळा वासतं." गालाला फडकं बांधलेला चेहरा म्हणजे राजा गादीवर बसला. अभ्यासक त्या चिन्हाला गमतीनं दाढदुखीच म्हणतात. चाचांनी कानाला फोन लावून गाल दाबत फिरणाऱ्या आमच्या मॅनेजरकडे हनुवटीनं खूण केली आणि मला ठसका लागला. साचा आवळायचे शिकंजे मोजताना ते "हुन, का, ओश, कन, हो" म्हणू लागले. एका व्हिडिओत बाजारात बसलेली एक माया बाई टोमॅटो मोजताना त्यांनी ऐकली होती. ती माणसं अजून आहेत, त्यांची भाषा अजून बाजारात चालते, काही गावांत जुन्या पद्धतीनं दिवससुद्धा मोजले जातात, हे कळलं तेव्हा त्यांनी तो व्हिडिओ कारखान्यातल्या प्रत्येकाला दाखवला. "आमी समजत होतो मेली सगळी. बघ, टमाटे विकतेय!"

मायांच्या कॅलेंडरप्रमाणे जग बुडणार अशी आवई एकेकाळी उठली होती. मॅनेजर एकदा येऊन म्हणाला, "अब्बास, ये वही है ना, दुनिया ख़त्म वाले?"

"दुनिया ख़त्म नहीं साब. टॅक्सी का मीटर घूमता है ना, सब ज़ीरो हो जाता है, फिर चालू. बस, वो."

मला त्यांची सर्वांत आवडलेली गोष्ट एका ठिपक्याची आहे. मायांच्या आकड्यांत एक म्हणजे एक ठिपका. पण जागा तर चौकोनी असते, एकच ठिपका मधे ठेवला की दोन्ही बाजू रिकाम्या दिसतात. म्हणून त्यांचे कोरके ठिपक्याच्या दोन्ही अंगांना छोट्या चंद्रकोरी काढायचे. त्या मोजायच्या नाहीत. जागा भरायला म्हणून काढलेल्या.

"वा," चाचा म्हणाले. "कोरनारा मानूस होता तो. एकला टिपका बरा दिसत नाय."

पुढे हे वाक्य त्यांनी कुठेही वापरलं. कोणी एकटा चहा पीत असला की ते कप घेऊन तिकडे सरकत, "एकला टिपका बरा दिसत नाय." माझ्या नवऱ्याची नोकरी गेली आणि मी पंधरा दिवस कोणाशी बोलले नाही, तेव्हाही ते स्टूल घेऊन आले आणि एवढंच बोलले. मग लोणच्याची बरणी माझ्यापुढे सरकवली.

माया राजे कातुन पुरा झाला की दगड उभा करायचे, हे वाचल्यावर चाचांनी डबा पालथा करून हिशेब मांडला. दोन कातुन म्हणजे चौदा हजार चारशे दिवस. ते पुरे व्हायला सहा-सात महिने उरले होते. साठ पूर्ण झाली की व्हिसा तसाही संपणार होता. त्यांनी ठरवून टाकलं. दुसरा कातुन पुरा होईल त्या दिवशी आपण घरी असायचं. गावी नवं घर बांधलेलं होतं, त्यात ते एकूण दोन रजा राहिले होते. उंबऱ्याशेजारी आपल्या हातानं कोरलेला दगड बसवायचा. वर दोन ठिपके, खाली तीन शिंपले. दोन कातुन, आणि बाकी सगळं शून्य.

त्यांनी राजीनामा दिला, तिकीट काढलं आणि जुलेखाचाचींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन लावला. स्पीकर चालूच होता, नाहीतर त्यांना ऐकू येत नसे.

"दगडाला जागा ठेवायला सांग गवंड्याला. एक फूट बाय एक फूट."

"दगड र्‍हावद्या तकडंच," पलीकडून आवाज आला. "आदी मानूस येवंदे."

पण तीही खुशीत होती. तिनं सगळ्या मोहल्ल्याला त्या दिवसाची दावत सांगून टाकली. लग्न झाल्यापासून नवरा पाहुणाच, आता तो कायमचा येणार म्हणून ती बाई कामाला लागली होती.

दिवस उरले होते सोळा. छत्तीसच्या छत्तीस नमुने कोरून झाले होते, पॅनेलं ओतून अंगणात ओळीनं वाळत उभी होती. सकाळी मी कारखान्यात शिरले तर चाचा त्या ओळीसमोर उकिडवे बसलेले. हातात मी दिलेली पानं. मी हाक मारली तरी वळले नाहीत.

"बाय, हकडं ये. ह्या पानावर बघ. तोंडं कुठं हायत?"

"डावीकडे."

"ह्या पानावर?"

"डावीकडेच."

"सगळ्या पानांवर. हे लोक डावीकडनं वाचायचे. म्हंजे वाचनारा जिकडनं येतो तिकडं तोंड करून बसलीत ती. पावना आला की आपन दाराकडं बघतो ना, तसं. आनि आकडा चेहऱ्याच्या डाव्या अंगाला." त्यांनी पॅनेलांकडे बोट केलं. "आता आपली बघ."

आमचे सगळे चेहरे उजवीकडे बघत होते. छत्तीसही. वाचणाऱ्याकडे पाठ करून बसल्यासारखे.

काय झालंय ते मला एका क्षणात कळलं. अरबी पाट्यांच्या उथळ कामात चाचा थेट साच्यातच कोरत. साच्यात उलटं कोरलं की पॅनेलवर सुलटं येतं, म्हणून मी त्यांना कायम उलटून प्रिंट देत असे. हे काम खोल होतं. या वेळी नमुना सुलटाच कोरायचा होता, आणि तसं मला सांगितलेलंही होतं. माझ्या बोटांनी सवयीनं उलटं करायचं बटण दाबलं होतं. त्यांना तेव्हा लिपीच ठाऊक नव्हती, त्यांनी विश्वासानं समोरचं कोरलं. सगळं शिकले, दिशा शेवटी शिकले.

चाचा उठले आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग.

"साब, सब पॅनल उल्टा है. फिर से बनाना पड़ेगा."

मॅनेजरनं फोन गालावरून काढला. "उल्टा मतलब? क्लायंट ने अप्रूव किया है. खलास. कौन पढ़ेगा इसको?"

"मैं पढ़ता हूँ."

"अरे अब्बास! यहाँ आके कोई नहीं पढ़ेगा. लोग सेल्फी लेंगे."

"साब, जिसने लिखा वो मर गया. उसका किताब जला दिया. अभी पत्थर बोलना चालू किया तो मैं उसको उल्टा बोलने दूँ? मेरे हाथ का आख़री काम है."

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. हॉटेलची साइट तशीही महिनाभर मागे होती, माल पडून होता. तो म्हणाला, बनव, पण तुझी सुटका काम संपल्यावर. तिकीट पुढे ढकलावं लागेल. मग कपाळाला आठ्या घालून त्यानं विचारलं, "गलती किसका है? रिपोर्ट में लिखना पड़ेगा."

त्या वर्षी आमच्या घरात माझा एकटीचाच पगार होता. नवऱ्याचा आणि मुलाचा व्हिसा माझ्या नोकरीवर. आधीच्या महिन्यात एका चुकीच्या मापासाठी मला लेखी ताकीद मिळाली होती. मी तोंड उघडलं. उघडलं होतं नक्की. पण शब्द यायच्या आत चाचा बोलून गेले.

"मेरा है साब. हाथ उल्टा चला."

आणि मी तोंड मिटलं. मला लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "चाय घे, बाय. आनि प्रिंटा काढ. ह्या टायमाला सुलट्या."

जुलेखाचाचींना त्यांनी फोन केला तेव्हा स्पीकर चालूच होता आणि मी दारात होते.  

"जेवन ठरलंय," ती म्हणाली. "मानसं बोलावलीत. मी घालनार जेवन. तुमी या, केवा यायचं तेवा."

तो दिवस उजाडला. चाचांनी सकाळी टेबलावर दोन बिया ठेवल्या आणि खाली तीन शिंपले, एकाखाली एक. मग मास्क चढवून एकविसाव्या नमुन्याला बसले. दुपारी फोन वाजला. मी तो प्लास्टरच्या पिशवीला टेकवून उभा केला. पडद्यावर त्यांचं अंगण, मांडव, चटया, मोहल्लाभर माणसं. वडे, मटण, सांदणं. कोणी घास उंचावून दाखवी, कोणी "अब्बासभाय, सलाम!" म्हणून ओरडे. पोरं कॅमेऱ्यात तोंडं घालून पळत. चाचा कोपरापर्यंत पांढरे, पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते आणि सगळ्यांना "जेवा, जेवा, पोटभर जेवा" म्हणत होते. स्वतःच्या घरातल्या जेवणाचा यजमान असा परमुलखात शेडमध्ये बसून आग्रह करत होता.

मग जुलेखाचाचींनी फोन हातात घेतला, दाराकडे नेला आणि उंबऱ्याशी खाली धरला. फरशीत एक चौकोनी खड्डा होता. एक फूट बाय एक फूट. त्यावर तिनं सूप पालथं घातलं होतं, कोणाचा पाय जाऊ नये म्हणून.

"ठेवलीय जागा," ती म्हणाली.

 चाचांनी मान हलवली. फोन बंद झाल्यावर उठून तोंड धुतलं आणि परत पटाशी घेतली. मी माझ्या टेबलावर जाऊन स्क्रीनच्या आड रडले.

चोवीस दिवस लागले. त्यांनी रोज टेबलावर एकेक बी वाढवली, पाच झाल्या की उचलून काडी ठेवली, वीस झाल्यावर काड्या काढून वरच्या घरात एक बी. मी रोज ठरवत असे की आज केबिनमध्ये जाऊन खरं सांगायचं. रोज संध्याकाळी गाडी काढून शारजाला घरी जात असे.

ते दार आता उभं आहे. मध्यंतरी मुलाला घेऊन मी बघायला गेले होते. लोक सेल्फी काढत होते, मॅनेजरचं खरं होतं. ईशान सात वर्षांचा आहे, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो. तो त्या चेहऱ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मम्मा, व्हाय आर दे ऑल लुकिंग ॲट अस?"

"आपण वाचायला आलोय ना, म्हणून," मी म्हटलं आणि त्याला बेडूक दाखवला, दाढदुखी दाखवली, मधला आकडा वाचून दाखवला. कोणीतरी जन्मला, एवढे दिवस गेले, मग तो गादीवर बसला. जेवढं चाचांना कळलं होतं तेवढं. तिथे चाचा हवे होते, असं मला इतकं वाटलं की मी त्याचा हात घट्ट धरला आणि तो "आउच" म्हणाला. चाचांनी ते दार कधी बघितलं नाही. पॅनेलं साइटवर चढायच्या आधीच ते गावी गेले.

त्यांना शारजाच्या विमानतळावर मीच सोडलं. खोलीवाले तिघं ड्यूटीवर होते, म्हणून त्यांचा निरोप खोलीतच झाला. अजमानहून निघालो. दुपारची वेळ, रस्ता मोकळा. मी तीनदा घसा खाकरला.

"चाचा, त्या प्रिंट..."

"फुडं बघ. ट्रक हाय."

ट्रक होता, पण बराच लांब. मी परत सुरुवात केली तर ते म्हणाले, "डबा तुझ्या टेबलावर ठेवलाय. बिया हलक्या झाल्या की बदल. खजूर खात जा, तेवढंच रक्त वाढेल." मग खिडकीबाहेर बघत राहिले. एवढी वर्षं रोज बघितलेल्या रस्त्याकडे ते नव्यानं आल्यासारखे बघत होते.

काउंटरवर बॅग नऊ किलोनं जास्त भरली. चाचांनी तिथेच बसून चेन उघडली. ब्लँकेट काढलं, दुधाच्या पावडरीचे डबे काढले, पुतण्यांचे बूट काढले, सगळं माझ्या हातात दिलं. "खोलीवर दे. कोन गावाला गेला की आनेल." तळाशी फडक्यात गुंडाळलेला दगड होता, तो राहू दिला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फडकं बाजूला केलं.

"वाच."

मी गुडघ्यांवर बसले. मागे रांग खोळंबली होती. वरच्या ओळीत दोन ठिपके, मधे चंद्रकोर. "दोन कातुन." खाली शिंपला. "शून्य तुन." त्याखाली एक ठिपका. "एक विनाल." सगळ्यात खाली चार ठिपके. "चार दिवस."

"बरोबर. घरात पाय ठेवेन त्या दिवसाची हाय."

त्यांना शिंपल्यांचा दगड करता आला असता. मोहल्ल्यात कोणाला वाचता येणार होतं? पण त्यांनी चोवीस दिवस खरे लिहिले होते. माझे चोवीस दिवस. ते आता त्यांच्या उंबऱ्यात कायमचे राहणार होते आणि येता-जाता त्यांना दिसणार होते. मी त्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मला वर बघवेना.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ठिपक्याच्या बाजूंना चंद्रकोरी नव्हत्या. एका अंगाला बोटभर पटाशी कोरली होती. दुसऱ्या अंगाला पेन्सिल. मी कानावर खोचते तशी, मागे रबर असलेली.

"चाचा, हे काय?"

"ते मोजायचं नाय," ते फडकं गुंडाळत म्हणाले. "जागा भरायला हाय. एकला टिपका बरा दिसत नाय."

मला हुंदका आवरला नाही. ब्लँकेट, डबे आणि बूट छातीशी धरून मी भर विमानतळावर रडत होते आणि काउंटरवरची मुलगी आम्हाला बाप-लेक समजून पाण्याचा ग्लास देऊ बघत होती. चाचांनी डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "यल्ला, नीघ, ऑफिसला उशीर होतोय तुला," आणि निघाले.

पासपोर्ट तपासणीच्या पुढे मला जाता येत नव्हतं. काचेपलीकडे लांबलचक रांग होती, साइटवरची पोरं, कुटुंबं, पिशव्या. सगळे पुढे बघत होते, नंबर लवकर यावा म्हणून. चाचा मात्र मान डावीकडे वळवून माझ्याकडे बघत एकेक पाऊल पुढे सरकत होते. रांग वळून भिंतीआड जाईपर्यंत त्यांनी तोंड फिरवलं नाही.